बाईंचा ‘त’ आणि माझे दात

माझे दात लोणंदला गेले तेव्हा मी लोणावळ्यातच होतो. हे वाक्य मी ज्यांना ज्यांना ऐकवलं, त्या सगळ्यांनी माझ्याकडं दयेनं पाहिलं. म्हणून आता लिहूनच काढतो. वाचणाऱ्याची दया लिहिणाऱ्याला दिसत नाही, हा लेखनाचा मोठा फायदा आहे.

दात अर्थात बसवलेले. पुण्याच्या डॉक्टरकडून करून आणलेली कवळी, वरची आणि खालची. मराठी शाळेच्या हेडमास्तरकीतून पेन्शनीत निघाल्यावर मी केलेली ही एकुलती एक चैन. आमचे शेजारी इकबालभाई, ज्यांची बाजारात बेकरी आहे, ते म्हणत की टिल्लू मास्तर नवे दात घालून हसले की शाळातपासणीचा दिवस आठवतो. मी ही स्तुती समजत असे. पण गोष्ट दातांची नाही, ‘त’ची आहे, आणि ‘त’ची म्हणजे थोरातबाईंची.

थोरातबाई म्हणजे डॉक्टर मिस थॉर्नटन. आमच्या गावात बायकांसाठी एक धर्मादाय दवाखाना होता, तिथं त्या थेट विलायतेहून आल्या. वय तिशीच्या आत, उंची दाराच्या चौकटीला नमस्कार करायला लावणारी. थॉर्नटन हे नाव मावळात टिकणं शक्यच नव्हतं. दवाखान्यातल्या आयाबाई, भुशीच्या सरुबाई, यांनी पहिल्याच दिवशी त्याचं ‘थोरात’ करून टाकलं. पुढं काही म्हाताऱ्यांनी बाईंचं मूळ जुन्नरकडचं असावं असा तर्क केला आणि रंगाचा दोष तिकडच्या पाण्यावर घातला.

दवाखाना चालवणाऱ्या मंडळींचा एक नियम होता. डॉक्टरनं वर्षाच्या आत मराठीची तोंडी परीक्षा द्यायची, वडगावच्या कचेरीत, पुण्याहून आलेल्या परीक्षकांसमोर. नापास झाल्या तर बाईंची रवानगी कराचीला. दुसरी कुणी बाई डॉक्टर इकडं यायला तयार नव्हती, म्हणजे दवाखान्याला कुलूप. आता हे कुलूप आमच्या घराला परवडणारं नव्हतं. आमची सून अडली होती आणि सुईणीनं हात टेकले होते, तेव्हा भर पावसात कंदील घेऊन ह्याच बाई आल्या आणि सून आणि नातू दोघंही पदरात पडली. त्यामुळं नियमाची बातमी आली त्या दिवशी आमच्या घरातून मला हुकूम सुटला.

“जन्मभर गावाच्या पोरांना शिकवलंत ना? आता ह्या पोरीला शिकवा. ती इथून हलता कामा नये. बाकी मला काही माहीत नाही.”

शिकवायला तसं काही उरलंच नव्हतं. बाईंचं व्याकरण माझ्यापेक्षा पक्कं होतं. एकदा त्यांनी मला सप्तमीवरून अडवलं, तेव्हा मी खोकून वेळ मारून नेली. अडचण फक्त तोंडाची होती. त, थ, द, ध ही चारही अक्षरं त्यांच्या तोंडी ट आणि ड होऊन बाहेर पडत. “टुमाला कुटं डुकटं?” असं त्यांनी कळवळून विचारलं की मावळातली बाई आधी त्यांच्याकडं, मग सरुबाईंकडं, मग दाराकडं बघे. “न्हाई बाई, कुटं न्हाई,” असं म्हणून आपलं दुखणं जसंच्या तसं घेऊन घरी जाई. सरुबाई मराठीचं मराठीत भाषांतर करून देत, पण काही दुखणी अशी असतात की ती मध्ये तिसरं माणूस ठेवून सांगता येत नाहीत. बाईंना याचं फार वाईट वाटे.

मी बाईंना शिकवायला दवाखान्याच्या मागच्या ओसरीवर जाऊ लागलो. पद्धत कुठली वापरायची याचा प्रश्नच नव्हता. माझे वडील वेदपाठशाळेत संथा घेऊन शिकले आणि त्यांच्याकडून मी तसाच शिकलो. गुरूनं एकदा म्हणायचं, शिष्यानं दोनदा.

“मी म्हणेन तसंच म्हणायचं,” मी पहिल्या दिवशीच बजावलं. “अक्षराचा कानाकोपरा बदलायचा नाही. मध्ये डोकं चालवायचं नाही.”

“नाही चालवनार,” बाईंनी शब्द दिला.

“त.”

“ट. ट.”

“त!”

“ट! ट!”

असं पुष्कळ वेळ चाललं. शेवटी बाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या, “मास्टर, टुमी म्हंटा टेच मी म्हंटे. मला डोन्ही सारकंच ऐकू येटं.”

तेव्हा मी मांडी बदलून त्यांना समजावलं, की माणूस वयानं वाढला म्हणजे त्याचा कान हट्टी होतो. आपण चुकीचं बोलतो आहोत हे स्वतःच्या कानाला कळत नसतं, दुसऱ्यानं सांगितलेलं मुकाट्यानं मानायचं असतं. हे वाक्य मी फार अधिकारवाणीनं उच्चारलं. ते मी माझ्यासाठीही जपून ठेवायला हवं होतं.

गावात एखादं काम निघालं की सल्ले आपोआप येतात, त्यांना बोलवावं लागत नाही. आमच्या मंडळींनी वेखंड उगाळून मधात कालवलं, कारण नातवाची जीभ हलकी व्हावी म्हणून त्याला ते चाटवणं चालूच होतं, त्यात बोटभर जास्त. बाईंनी आज्ञाधारकपणे जीभ बाहेर काढली. समोरच्या रतनबाईंकडं पोपट होता. त्यांनी त्याचा उष्टा पेरू आणून दिला, म्हणे याच्यानं मुकं पोरसुद्धा बोलायला लागतं. बाई पडल्या डॉक्टर, त्यांनी तो उकळत्या पाण्यातून काढून खाल्ला. रतनबाईंचा विरस झाला. “सगळा गुण धुऊन टाकला की हो,” असं त्या पुढं कितीतरी दिवस म्हणत होत्या.

इकबालभाईंचा उपाय सगळ्यांत सोपा होता. “मास्तर, आमच्या मौलवीसाहेबांनी मला अरबीतला ‘ऐन’ शिकवला. घशाच्या तळातून यायला पाहिजे. येईना. मग त्यांनी पाठीत एक बुक्की घातली, आला! आजपर्यंत गेला नाही.”

“बाई डॉक्टर आहेत, इकबालभाई.”

“मग हळू घाला.”

हा सल्ला मी बाईंच्या कानावर घातला नाही. घातला असता तर त्यांनी पाठ पुढं केली असती, इतकी त्या बिचारीची श्रद्धा होती.

शेवटी मला माझाच उपाय सुचला. ‘त’चं घर वरच्या दातांच्या मागं. बाईंच्या जिभेला ते घर सापडत नव्हतं, ती एक घर मागं वरच्या हिरडीवर जाऊन कडी वाजवत होती. मग त्या घरात काहीतरी गोड ठेवावं म्हणजे जीभ आपणहून तिथं जाईल! लोणावळ्यात जन्म घालवून हे मला आधी सुचलं नाही याची लाज वाटली. बाजारातून गुडदाणी, म्हणजे आपली चिक्की, आणली. एक तुकडा तोंडात मऊ केला, जिभेनं वरच्या पुढच्या दातांच्या पाठीला घट्ट चिकटवला आणि बाईंना म्हणालो, “ही बघा, इथं! इथंच ‘त’ राहतो.” मग तो तुकडा सोडवायला गेलो. आमच्याकडचा गूळ चांगला असतो. त्यानं दात सोडले नाहीत, दातांनी टाळू सोडली. वरची कवळी गुडदाणीसकट बाहेर आली, हातातून निसटली आणि ओसरीच्या दगडावर पडून तिचे दोन तुकडे झाले.

बाईंनी ते तुकडे रुमालात उचलून घेतले आणि हसू आवरलं. सरुबाईंनी आवरलं नाही.

खालची एकटी घालून पाहिली, पण एका झडपेचं दार लागत नाही. तेव्हा दोन्ही डबीत घालून पुण्याला दुरुस्तीला पाठवायचं ठरवलं आणि डबी घेऊन स्टेशनवर पार्सल कचेरीत गेलो.

“आत काय?” पार्सलबाबूनं विचारलं.

“दात.”

“काय?”

“दात!”

“कुणाचे?”

“माझे श्वतःचे.” मला मात्र ते ‘स्वतःचे’ असंच ऐकू आलं.

बाबूनं लेखणी खाली ठेवली. “मनुष्याचे अवयव पार्सलनं जात नाहीत. पोलीसपाटलाचा दाखला लागेल.”

मी म्हटलं, हे अवयव नव्हेत, डॉक्टरनं केलेले आहेत. तर म्हणे, मग औषधी सामान, त्याला डॉक्टरची सही. मी डबी उघडून दाखवली. तर म्हणे, हा मोडका माल, मालकाच्या जोखमीवर. मागं रांग वाढली. रांगेतल्या प्रत्येकानं वाकून माझे दात पाहिले, आणि त्यात माझे तीन जुने विद्यार्थी होते. ज्या तोंडानं मी त्यांना पाढे म्हणायला लावले ते तोंड आता माझ्या हातात होतं. शेवटी बाबूलाच माझी कीव आली.

“मास्तर, पांढऱ्या पट्ट्याच आहेत ना ह्या? मग ‘बाजाच्या पेटीचे सुटे भाग’ लिहितो. त्याला कुणाची सही लागत नाही.”

आणि माझे दात बाजाची पेटी होऊन पुण्याला गेले. पुण्याच्या डॉक्टरनं ते सांधून त्याच वर्णनानं परत पाठवले. वाटेत पावसात चिठ्ठी भिजली, ‘लोण’ एवढं राहिलं आणि पुढचं पुसलं गेलं. लोणंदला एका कांद्याच्या व्यापाऱ्याचं भजनी मंडळ होतं आणि ते पेटीच्या नव्या पट्ट्यांची वाट बघत बसलं होतं. पार्सल उघडल्यावर त्या मंडळात काय बोलणं झालं ते मला कळलेलं नाही, आणि मी विचारलेलंही नाही.

इकडं शिकवणी थांबवणं शक्य नव्हतं, परीक्षा जवळ आली होती. मी तोंडाचं बोळकं घेऊन ओसरीवर गेलो. “त,” म्हटलं. बाई एकदम पुढं वाकल्या आणि डॉक्टर घसा बघतात तशा माझ्या तोंडात बघू लागल्या.

“पुन्हा!”

“त.”

इतके दिवस माझा ‘त’ दातांच्या मागं, बंद दाराआड घडत होता. आता दार गेलं होतं, आणि जीभ पुढं येऊन कुठं टेकते ते बाईंना उघड दिसलं. त्यांनी आपली जीभ तशीच पुढं आणली, दातांना लावली, आणि म्हणाल्या,

“त.”

सरुबाईंच्या हातातलं घमेलं खाली पडलं. बाईंना स्वतःलाही तो ऐकू आला, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. “त! त! तवा! ताक! दात! दूध!” त्या उठून ओसरीभर फिरत म्हणू लागल्या. मला भडभडून आलं. चाळीस वर्षांच्या मास्तरकीत एका अक्षरानं मला इतका आनंद दिला नव्हता.

त्या आनंदात पुढचं लक्षात राहिलं नाही. संथा जोरात सुरू झाली. मी म्हटलं, “शाशू.”

“सासू, सासू,” बाई म्हणाल्या.

“चुकलं. शाशू.”

बाई गोंधळल्या. “मास्तर, काल ‘स’ होता.”

“आजही तोच आहे. श!”

“पण तुमचे दात...”

“दातांचा काही शंबंध नाही,” मी ताठ बसून म्हणालो. देवाशपथ सांगतो, माझं बोलणं मला अगदी पहिल्यासारखंच ऐकू येत होतं. बाईंनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं. मग डोकं न चालवण्याचा दिलेला शब्द त्यांना आठवला असावा. “शाशू, शाशू,” त्या म्हणाल्या. विलायतेहून येताना त्या एक अक्षर तेवढं बिनचूक घेऊन आल्या होत्या, तेही मी काढून घेतलं. शिवाय दात नसलेल्या माणसाला वाक्य संपल्यावर ओठ गोळा करून ‘प्च्’ असा एक आवाज करावा लागतो. संथेच्या नियमानं बाईंनी तोही घेतला.

इकबालभाईंनी एकदा सुचवून पाहिलं. “मास्तर, बाई हुबेहूब तुमच्यासारखं बोलायला लागल्यात.”

“मग कुणाशारखं बोलणार?” मी अभिमानानं म्हणालो.

“तसं नव्हे. तुमच्या आत्ताच्या सारखं म्हणतोय मी.”

बेकरीवाल्याला उच्चारातलं काय कळतं, असं मनात म्हणून मी घरी गेलो.

माझे डोळे, म्हणजे कान, परीक्षेच्या आदल्या दिवशी उघडले. बाई नातवाला बघायला आल्या होत्या. मी अंगणात होतो. स्वयंपाकघरातून आमच्या मंडळींनी हाक मारली, “अहो, त्याला खेळवत बसू नका, पाणी तापलंय, आंघोळ उरका!” मी अंगणातून “हो” म्हटलं तशा त्या पदर खोचत बाहेर आल्या आणि माझ्याकडं बघतच राहिल्या. मग मला हाताला धरून माजघराच्या दाराशी नेलं. “डोळे मिटा आणि ऐका.”

मी ऐकलं. आतून कुणीतरी म्हणत होतं, “दूध प्यालं का शोन्यानं? शगळं प्यालं? शहाणा माझा. प्च्.”

“कोण म्हातारा आलाय?” मी विचारलं.

“तुम्ही,” मंडळी म्हणाल्या.

मी पायरीवरच बसलो. उद्या पुण्याहून येणाऱ्या परीक्षक रावसाहेबांसमोर सव्वीस-सत्तावीस वर्षांची विलायती बाई ऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्याच्या तोंडानं बोलणार, आणि नापास होणार, आणि ते मी केलं होतं. मंडळी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या नातवाकडं बघत उभ्या राहिल्या. मी तसाच स्टेशनवर धावलो, निदान दात तरी मिळावेत. बाबूनं सांगितलं की पेटी लोणंदला आहे.

दुसऱ्या दिवशी वडगावला जाताना गाडीत मी बाईंना सगळं कबूल करायला तोंड उघडलं, पण त्याच तोंडानं ते कसं सांगणार? बाई मात्र खुशीत होत्या. कामशेत गेलं तरी त्यांचं ‘त, थ, द, ध, प्च्’ चालूच होतं.

रावसाहेब पुण्याचे होते, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. बाईंनी धडा वाचला. रावसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. “कुणाकडं शिकलात?”

बाईंनी मोठ्या अभिमानानं माझ्याकडं बोट दाखवलं. मी ओठ घट्ट मिटून मान लववली.

आता परीक्षेचा शेवटचा भाग. उमेदवारानं एखाद्या खेडुताशी बोलून दाखवायचं. शिपायानं कचेरीच्या पायरीवरून एका म्हातारीला आणलं. बेडशाच्या विठाबाई. बांधाच्या तंट्यात जबानी द्यायला आल्या होत्या आणि सकाळपासून कुठल्याच कारकुनाला “म्हाईत न्हाई” यापलीकडं अक्षर दिलं नव्हतं. गोऱ्या बाईकडं बघून त्यांनी तोंड आणखी मिटलं.

बाई खुर्चीवरून उठून खाली त्यांच्याजवळ बसल्या. “दमलात का मावशी? बशून बशून कंबर धरली अशेल. कुठं दुखतं तुम्हाला? प्च्.”

विठाबाईंनी मान वर केली. पदर सरसावला. मग रावसाहेबांकडं वळून म्हणाल्या, “ह्या समद्या बाप्यांना भाईर जाऊ द्या. मग सांगते.”

“बाई, ही सरकारी परीक्षा आहे,” रावसाहेब म्हणाले.

“आसंल. भाईर जावा.”

रावसाहेब, कारकून, शिपाई आणि मी असे सगळे व्हरांड्यात उभे राहिलो. दार आतून लागलं. रावसाहेबांनी आयुष्यात पुष्कळ परीक्षा घेतल्या असतील, पण परीक्षा आत आणि परीक्षक बाहेर असा प्रकार त्यांना नवा होता. आतून हलक्या आवाजातलं बोलणं येत होतं, ‘प्च्’ दोन्ही बाजूंनी. मध्येच कुणीतरी हसलं. मग रडण्याचा आवाज आला, आणि तो बराच वेळ चालला. रावसाहेब चष्मा पुसत राहिले.

दार उघडलं तेव्हा विठाबाई पदरानं डोळे टिपत होत्या. “माजी आय जाऊन लय वरसं झाली,” त्या म्हणाल्या. “दात पडल्यावर आशीच बोलायची. मला वाटलं तीच पुसती. कुणाला बोलले न्हवते ते समदं बोलले. बाईंनी दवाखान्यात बोलीवलंय, जानार मी.”

रावसाहेबांनी नियमाप्रमाणं विचारलं, “बाईंचं बोलणं तुम्हाला नीट समजलं?”

“न समजाया काय झालं? ती काय तुमच्यावानी बोलती व्हय?”

रावसाहेबांनी निकालावर सही केली. मग मला जवळ बोलावून, पुष्कळ शब्द चाचपून, हळूच म्हणाले, “टिल्लू मास्तर, उच्चार शुद्धच आहेत. पण जरा... वयस्क वाटतात.”

“होय, रावशाहेब,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं. पण सही झाली होती.

बाई राहिल्या. दवाखाना राहिला. पुढं लोणंदहून माझे दात आले. त्यांना कांद्याचा वास येत होता आणि तो रोज घासूनही जात नव्हता. ते घालून मी ताठ मानेनं दवाखान्यात गेलो, कारण झालेली चूक दुरुस्त करणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे. व्हरांड्यात बायकांची ही रांग! आधी ‘कुटं न्हाई’ म्हणून परत जाणाऱ्या सगळ्या बसल्या होत्या. दाराशी विठाबाई होत्या, त्यांनी बेडशाहून आणखी चारचौघींना आणलं होतं.

“बाई,” मी दात वाजवत म्हणालो, “आता आपण ‘स’ नीट करू. सासू.”

सरुबाई मध्येच उभ्या राहिल्या. “मास्तर, आमच्या बाईला बिगडवू नका. बाया तिला आजी म्हंत्यात. लय दिसांनी बोलाया लागल्यात.”

रांगेतल्या बायकांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी पुढचं अक्षर गिळलं. नवे सांधलेले दात वरच्या हिरडीला चावतही होते, ते चेहऱ्यावर दिसलं असावं. बाईंनी मला बाकावर बसवलं, तोंड उघडायला लावलं आणि माझ्याच आवाजात, अगदी माझ्याच आवाजात, विचारलं, “मास्तर, कुठं दुखतं? प्च्.”

काय तो ‘त’ होता! स्वच्छ, मऊ, दातांना टेकलेला. असं मला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं, आणि पुण्याच्या डॉक्टरनं तर नाहीच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी कवळी काढून रुमालात ठेवली, ओठ गोळा केले आणि म्हणालो,

“शगळीकडंच दुखतंय, बाई. प्च्.”